"ठीक ना?"च्या पुढचा प्रश्न: आत्महत्या रोखण्याबद्दल लोक आम्हाला जे विचारतात

आम्ही पाच-सहा जण यवतमाळ, वाशीम भागातल्या गावांत, कॉलेजांत, बचत गटांच्या बैठकांत जाऊन या विषयावर बोलतो. आमच्यात डॉक्टर एकच, बाकी शिक्षक, एक निवृत्त ग्रामसेवक आणि मी. कार्यक्रम चालू असताना कोणी हात वर करत नाही. प्रश्न येतात ते नंतर, चपला घालताना, मोटारसायकलला किक मारता मारता, नाहीतर रात्री फोनवर. बहुतेकांची सुरुवात "माझ्या एका मित्राचं सांगतो" अशी असते. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

वाचत बसायला वेळ नाही. आत्ता काय करू?

१४४१६ लावा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा. चोवीस तास सुरू, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर लागला नाही तर १८००-८९१-४४१६. कोणी स्वतःला इजा केली असेल किंवा करण्याच्या बेतात असेल तर १०८ किंवा ११२. त्या माणसाला एकटं सोडू नका. बाकीचं नंतर वाचा.

आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात नसलेला विचार आपणच घालून देऊ, नाही का?

नाही. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, म्हणून तो वर घेतला.

यावर वेगवेगळ्या देशांत अभ्यास झाले आहेत. विचारल्यामुळे धोका वाढतो असं त्यांतून दिसलेलं नाही. उलट अनेकांना विचारल्यावर हायसं वाटतं. कारण अगदी साधं आहे. ज्याच्या डोक्यात हा विचार आहे, त्याच्याकडे तो तुमच्याआधी कित्येक दिवस मुक्कामाला असतो. ज्याच्या डोक्यात नाही तो "येडा झाला काय रे?" म्हणून हसतो, फार तर चिडतो, आणि चहा मागवतो.

पण आपण विचारतो काय? "ठीक ना?" या दोन शब्दांवर माझा राग आहे. त्या 'ना'मध्ये उत्तर आधीच भरून दिलेलं असतं. समोरच्याने फक्त "हो, ठीक" म्हणायचं आणि दोघांनी सुटायचं. "जेवण झालं का?" म्हटल्यावर उपाशी माणूसही "झालं" म्हणतो, तसंच.

मग नेमके शब्द कोणते? आम्हाला जमेल असं सांगा.

आधी जे दिसलं ते बोला. "भाऊ, पंधरा दिवस झाले, तुम्ही पारावर येत नाही. झोपही लागत नाही असं वहिनी म्हणत होत्या." मग थांबा. तो कर्ज, बोंडअळी, पोरीचं लग्न, जे बोलेल ते ऐका. त्यानंतर विचारा: "एवढं सगळं अंगावर आलं की माणसाला कधी कधी वाटतं, जगूच नये. तुम्हाला तसं वाटतं का? आत्महत्येचा विचार मनात येतो का?"

तो शब्द उच्चारा. "तसलं काही डोक्यात नाही ना?" असं विचारू नका. त्यात पुन्हा तोच 'ना' आहे, आणि "मला 'हो' ऐकायची भीती वाटते" हेही समोरच्याला कळतं.

समोरासमोर बसून असं बोलणं पुरुषांना फार जड जातं, हा आमचा अनुभव. गाडीवर मागे बसून, बांधावर शेजारी शेजारी चालताना, बैलांना पाणी दाखवताना ते जास्त बोलतात. घरातल्या सुनेशी बोलायचं असेल तर आशाताई किंवा माहेरची कोणी बरी, आणि सासू जवळ नसताना. वडीलधाऱ्या माणसाला पोरासोरांनी विचारलेलं आवडत नाही. ज्याचा शब्द ते मानतात अशा माणसाला मध्ये घ्या.

विचारून झालं की गप्प बसा. ती शांतता लांबते, अंगावर येते. ती भरून काढायला काहीतरी बोलण्याचा मोह होतो. बोलू नका.

तो "हो" म्हणाला तर? मग तर माझीच पाचावर धारण बसेल.

बसते. माझीही बसते. "बरं झालं सांगितलंत" एवढं पहिलं वाक्य पाठ करून ठेवा, पुढचं सुचेपर्यंत ते पुरतं.

मग तीन गोष्टी जाणून घ्या. कसं करायचं ते ठरवलंय का? त्यासाठी जे लागतं ते हाताशी आहे का? आधी कधी प्रयत्न झाला आहे का? बेत ठरलेला असेल, साधन घरात असेल, तर ती रात्र त्याच्यासोबत काढायची. ते साधन घरातून हलवायचं आणि त्याच्यासमोरच १४४१६ लावायचा. फोन तुम्ही लावलात तरी चालतो, काय करायचं ते तुम्हालाही सांगतात. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. दुसऱ्या दिवशी तिथे घेऊन जा. "जाऊन ये" म्हणू नका, सोबत जा. केसपेपर काढायच्या रांगेत एकटा उभा राहिलेला माणूस अर्ध्यातून परत फिरतो.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "गावभर करणार नाही, पण तुमचा जीव वाचवायला ज्याला सांगावं लागेल त्याला सांगेन" असं म्हणा. लोक चिडतात, पण नंतर मानतात.

आणि "पोराबाळांचा तरी विचार कर" हे वाक्य गिळून टाका. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, मीही कैकदा बोललो आहे. पण या अवस्थेतल्या माणसाला बहुतेक वेळा वाटत असतं की आपणच घरावर ओझं झालो आहोत, आपण गेलो तर पोरं सुटतील. तो पोराबाळांचाच विचार करत असतो. त्यावर तुमचं वाक्य म्हणजे जखमेवर मीठ.

जे बोलून दाखवतात ते करत नाहीत. "गर्जेल तो पडेल काय", खरं ना?

म्हण ढगांसाठी ठीक आहे, माणसांसाठी नाही. ज्यांनी आत्महत्या केली त्यांच्यातल्या अनेकांनी आधी कोणाला तरी काहीतरी सांगितलेलं असतं, कधी थेट, कधी आडून. "नाटकं करते", "धमक्या देतो" असं म्हणून घर त्याकडे कानाडोळा करतं. समजा, लक्ष वेधून घ्यायलाच कोणी असं बोललं. तरी लक्ष मागायला मरणाची भाषा वापरावी लागते, एवढीच गोष्ट लक्ष देण्याजोगी नाही का?

खुणा कोणत्या पाहायच्या?

यादी सगळीकडे मिळते: झोप उडणं, जेवण तुटणं, दारू वाढणं, माणसांत न मिसळणं. पण आपल्याकडे ही लक्षणं अर्ध्या गावात सापडतील. म्हणून बदलाकडे बघा. बडबड्या माणूस गप्प झाला. बैलांवर जीव असलेल्याने पोळ्याला बैल सजवले नाहीत. उधारी अचानक चुकती करणं, सातबारा आणि पासबुक बायकोच्या हातात देऊन "हे सांभाळून ठेव" म्हणणं, लांबच्या बहिणीला विनाकारण भेटून येणं, "माझ्यानंतर…" अशी वाक्यं.

एक फसवी खूण सांगतो. आठवडाभर तळमळणारा माणूस एका सकाळी एकदम शांत, हलका दिसतो. घरचे म्हणतात, चला, सावरला. कधी ते खरंही असतं. पण कधी कधी मनाशी काही पक्कं ठरल्यामुळे ही शांतता आलेली असते. त्या दिवशी जास्त जवळ राहा, आणि विचारा.

शेतकरी कर्जामुळे आत्महत्या करतो. तुम्ही त्याला मानसिक आजार ठरवून सरकारला सोडवताय का?

हा प्रश्न रागाने येतो, आणि राग रास्त आहे. कापसाला भाव नाही, विमा कंपनी पंचनाम्याला येत नाही, सावकार दारात उभा आहे, आणि अशा माणसाला "मन प्रसन्न ठेवा" म्हणणं ही थट्टा आहे. आम्ही ते म्हणत नाही. कर्ज, भाव, सिंचन या लढाया लढायलाच हव्यात.

पण त्याच गावात तेवढंच कर्ज असलेली शंभर माणसं असतात. त्यांच्यातला एक उद्याची सकाळ पाहायची नाही असं का ठरवतो? तो दुबळा असतो म्हणून नव्हे. नापिकी, दारू, घरातलं भांडण, लग्नाचा खर्च, दुखणं आणि उदासी अशी पाच-सात ओझी एकावर एक चढतात. उदासीचा आजार त्यातलं एक ओझं, आणि ते उतरवता येतं. ते उतरलं तर उरलेली ओझी घेऊन तहसीलदाराशी भांडायला माणूस जिवंत राहतो.

हे अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत करून पाहिलेलं आहे. 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवून त्यांनी घरोघरी नैराश्याबद्दल बोलायचं, समुपदेशन करायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं, असं काम झालं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी उपचार घेतले होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण सत्तावीसवर गेलं. आत्महत्येचे विचार सांगणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ५.२ वरून २.५ वर आलं. निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. कर्जमाफी न होता एवढं झालं. कर्जमाफीबरोबर किती होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

आणखी एक. "आत्महत्या म्हणजे शेतकरी" हे समीकरणही अपुरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. देशभरात सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता, चौघांत एकाहून थोडा जास्त. त्यांच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे त्यांची मोजदाद वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही.

फवारणीचं औषध घरात ठेवावंच लागतं. त्याचं काय करायचं?

आपल्या भाषेतच गोची आहे. तापाची गोळी 'औषध' आणि किडीचं विषही 'औषध'. "त्याने औषध घेतलं" म्हटलं की आपल्याकडे ऐकणारा दचकतो. हे विष खाटेखाली, देवळीत, तांदळाच्या कणगीशेजारी ठेवलेलं मी पाहिलं आहे.

आत्महत्येचा तीव्र झटका बहुतेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. अनेकांच्या बाबतीत ठरवणं आणि करणं यांत तासही नसतो, काही मिनिटं असतात. भांडण झालं, दारू पोटात होती, आणि हात पोचेल तिथे डबा होता. तो डबा तिथे नसता, किल्ली दुसऱ्याकडे असती, तर ती लाट ओसरून गेली असती. "एक वाट बंद केली तर माणूस दुसरी शोधतो" असं लोक म्हणतात. बहुतेक जण शोधत नाहीत.

श्रीलंकेचं उदाहरण मी प्रत्येक सभेत देतो. तिथे एके काळी आत्महत्यांचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतकं होतं, आणि त्यात कीटकनाशकं मोठं कारण होती. १९९५ पासून त्यांनी सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटलं आणि पिकाचं उत्पन्न काही घसरलं नाही. माणसांच्या अडचणी संपल्या होत्या का? त्या काळात तिथे यादवी युद्ध चालू होतं. आपल्याकडे केरळने २०११ मध्ये अशी काही कीटकनाशकं बंद केली.

बंदी सरकारच्या हातात आहे. आपल्या हातात कुलूप आहे. तमिळनाडूत दोन गावांत एक गोष्ट करून पाहिली गेली: गावात एक सामायिक कोठी, प्रत्येकाला आत स्वतःची कुलूपबंद पेटी, आणि दाराची किल्ली राखणदाराकडे. चेन्नईच्या 'स्नेहा' संस्थेच्या लोकांचा त्यात पुढाकार होता. आपल्याकडे बचत गट किंवा सोसायटी हे सहज करू शकते. ते जमत नसेल तर निदान एवढं करा: लागेल तेवढंच आणा, उरलेलं पुढच्या हंगामासाठी साठवू नका, लोखंडी पेटीत घालून शेतातल्या खोपीत ठेवा, आणि घरात कोणी खचलेलं असेल तर पेटी सरळ शेजाऱ्याच्या गोठ्यात हलवा. कृषी सेवा केंद्रवाल्यांनाही सांगतो: नेहमीचं गिऱ्हाईक हंगाम नसताना, डोळे चुकवत एकच बाटली मागत असेल, तर "कोणत्या पिकावर?" एवढं विचारा. "संपलं, उद्या या" म्हणा. एक दिवस मिळतो.

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या आत्महत्या नव्हत्या. पण त्या वर्षानंतर लोक या डब्यांकडे जरा घाबरून बघू लागले, आणि पेटीचं बोलणं पटवणं आम्हाला सोपं गेलं. वाईट वाटतं असं लिहायला, पण तसं झालं.

कोणी काही घेतलंच, तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं?

१०८ लावा. ओकारी करवू नका. मिठाचं पाणी, दूध, ताक, अंडं, शेण, काहीही पाजू नका. यातल्या प्रत्येक उपायाने पोटातलं विष श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. माणूस गुंगीत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. अंगावर, कपड्यांवर सांडलं असेल तर हातात प्लास्टिकची पिशवी घालून कपडे काढा आणि साबण-पाण्याने अंग धुवा. डबा किंवा बाटली सोबत न्या, त्यावरच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो. आणि तो "मला काही होत नाहीये, बरं वाटतंय" म्हणाला तरी न्या. काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो.

पोलिस केस होईल म्हणून लोक दवाखान्यात नेत नाहीत. खरंच होते का?

भीती जुनी आहे, आणि एके काळी बरोबरही होती. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, शिक्षा करायची नाही. त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी ठरली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्यात ते जुनं कलम उरलंच नाही. एक वेगळं कलम आहे, २२६ क्रमांकाचं. सरकारी नोकराला त्याचं काम करण्यास किंवा न करण्यास भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न केला, तर ते लागू होतं. घरात खचून असं पाऊल उचललेल्या माणसाशी त्याचा संबंध नाही.

दवाखाना पोलिसांना कळवतो, जबाब होतो, ही कागदी बाजू राहते. पण त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत. "चुकून प्यायला" असं खोटं सांगायचीही गरज नाही, आणि त्यात तोटाच होतो. चुकून झालं असं कागदावर आलं की मानसोपचारतज्ज्ञाला कोणी बोलावतच नाही, आणि माणूस सलाईन काढून त्याच घरात, त्याच डब्याजवळ परत येतो.

प्रयत्नातून वाचून घरी आलेल्या माणसाशी कसं वागायचं?

पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच घर एकतर पाळत ठेवतं किंवा विषयच टाळतं. टोमणे तर असतातच. "तेही धड जमलं नाही" असं सख्ख्या भावाने म्हटलेलं मी ऐकलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला होता. त्यात आपलं चेन्नईही होतं. प्रयत्नानंतर इस्पितळात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाशी त्याबरोबर तासभर नीट बोलणं झालं, आणि पुढच्या दीड वर्षात ठरावीक दिवसांनी फोन करून किंवा घरी जाऊन "कसं चाललंय?" एवढी विचारपूस झाली. दीड वर्षाअखेर पहिल्या गटात १८ आत्महत्या झाल्या होत्या, दुसऱ्यात २. यात महागडी यंत्रं नव्हती, नवी गोळी नव्हती. ठरल्या दिवशी आलेला फोन होता. हे काम गावातली आशाताई करू शकते, मामा करू शकतो, दोस्त करू शकतो. कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी जा.

एकदा प्रयत्न केलेला माणूस पुन्हा करतोच, असं नाही. धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण प्रयत्नातून वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

टेलिमानसला फोन लावला की पलीकडे कोण असतं? नाव विचारतात का?

१० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली, बंगळुरूची निम्हान्स संस्था तिची मुख्य मार्गदर्शक. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचा पत्ता देतो. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. कधी कधी वाट पाहावी लागते, कधी पलीकडचा माणूस घाईत वाटतो. पुन्हा लावा, दुसरा कोणी भेटेल. मुलांसाठी १०९८ आणि घरात मारहाण सोसणाऱ्या बाईसाठी १८१ हे वेगळे क्रमांक आहेत.

पोरगा बारावीत नापास झाला. खोलीतून बाहेर येत नाही. काय बोलू?

आधी गुण सोडून बोला. "ये, जेवून घे." निकालाच्या दिवशी घरात कोण काय म्हणतं, हे पोर आयुष्यभर विसरत नाही. शेजारच्या पोराचे टक्के काढू नका, नातेवाइकांचे फोन दोन दिवस तुम्हीच घ्या. मग केव्हातरी सांगा की पुरवणी परीक्षा काही आठवड्यांतच असते आणि वर्षही वाया जात नाही. आणि वर सांगितलेला प्रश्न त्यालाही विचारा. पोरगं लहान आहे म्हणून तो टाळू नका.

२०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या. परीक्षेतल्या अपयशामुळे म्हणून नोंदलेल्या २,२४८ होत्या. म्हणजे निकाल हे एकच कारण नाही. प्रेमप्रकरण, रॅगिंग, जातीवरून हिणवणं, वसतिगृहातला एकटेपणा हेही असतं, आणि त्याबद्दल पोरं घरी बोलत नाहीत, कारण घरी बोलायची भाषा टक्क्यांचीच असते.

पुरुषच जास्त का?

२०२२ च्या आकड्यांत १,२२,७२४ पुरुष आणि ४८,१७२ स्त्रिया. पुरुष मदत मागत नाहीत, दारू पितात, हे झालंच. पण या आकड्यावरून बायकांचं बरं चाललंय असं समजू नका. प्रयत्न करून वाचलेल्यांची नीट मोजदाद नसते, आणि "स्टोव्हचा भडका उडाला", "विहिरीत पाय घसरला" अशा नोंदींमागे काय असतं हे गावाला माहीत असतं.

ज्या घरात असं घडलं तिथे सांत्वनाला गेल्यावर काय बोलावं?

"का केलं?" हे विचारू नका. दहाव्यापर्यंत ती बाई तोच प्रश्न दोनशे वेळा ऐकते, आणि प्रत्येक वेळी तिला वाटतं, उत्तर मला माहीत असायला हवं होतं. चिठ्ठी होती का, काय लिहिलं होतं, हेही नको. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन त्याची चांगली आठवण सांगा. "भाऊंनी आमच्या विहिरीच्या वेळी दोन रात्री जागून काढल्या होत्या." अशा मरणानंतर त्या माणसाचं नावच घरातून पुसलं जातं, म्हणून ते घेणारा पाहुणा लक्षात राहतो.

कामाचं काही करा. शेतकरी कुटुंबाला सरकारकडून एक लाखाची मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. सातबारा कोणाच्या नावावर होता, कर्ज बँकेचं की सावकाराचं, याची कागदपत्रं लागतात. नवऱ्याला जाऊन आठवडा झालेली बाई तलाठ्याकडे चकरा मारते आणि शेवटी तिच्या हातात 'अपात्र' असा शेरा पडतो. तिच्यासोबत तहसीलला जाणारा माणूस व्हा. मुलांच्या शाळेत जाऊन गुरुजींशी बोला, वर्गात पोरं काहीबाही बोलतात. आणि तिच्याकडे नुसते विधवा म्हणून बघू नका. तीही आता जपण्याच्या यादीत आहे, तिलाही विचारा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो, चिठ्ठी फिरते. पाठवायची का?

नाही. पद्धत, जागा, फोटो, चिठ्ठी यांचा तपशील पसरला की आधीच काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला धक्का लागतो. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्ये पत्रकारांना हेच सांगितलं आहे. तुम्ही गावच्या ग्रुपचे अ‍ॅडमिन असाल तर तो फोटो काढून टाका आणि त्या जागी १४४१६ टाका.

आणि हे वाचणारा 'मित्र' नसून मीच असेन तर?

तर बरं झालं इथपर्यंत आलात.

तुमच्या अडचणी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही, मला त्या माहीतही नाहीत. फक्त आजची रात्र मागतो. ज्याने इजा होईल ते घराबाहेर ठेवायला कोणाला तरी सांगा, कारण सांगावं लागलं नाही तरी चालेल. दारू आज नको, ती लाट मोठी करते. खोलीत एकटे बसू नका. पारावर, बसस्टँडवर, शेजाऱ्याच्या ओट्यावर, कुठेही माणसांत जा. मग एक फोन. ओळखीच्या माणसाला करायचा असेल तर "मला बरं वाटत नाहीये, थोडा वेळ बोल माझ्याशी" एवढं म्हटलं तरी पुरे. ओळखीचं कोणी नको असेल तर १४४१६.

विचार येतात म्हणजे तुम्ही वेडे झालात असं नाही. हे विचार खूप लोकांना येतात आणि त्यातले बहुतेक जण पुढे जगतात, म्हातारे होतात, नातवंडांवर ओरडतात.

तुमच्या हातून कधी कोणी सुटलं का?

हो. एका गावात कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या रचेपर्यंत एक जण थांबला होता. त्याने मला रोजगार हमीच्या कामाबद्दल काहीतरी विचारलं, मी सांगितलं. आभाळ भरून आलं होतं, मला पुढे चाळीस किलोमीटर जायचं होतं. मी म्हटलं, "बाकी ठीक ना?" तो म्हणाला, "ठीक हाय." तीन आठवड्यांनी गावातून फोन आला.

मी विचारलं असतं तर तो वाचला असता का, हे मला कधीच कळणार नाही. डॉक्टर मित्र सांगतो, एवढा भार एका वाक्यावर टाकू नकोस. तो दुसऱ्यांना हे सांगताना मला पटतं.

आमच्या गावात याल का? काय तयारी लागेल?

येतो, मानधन नको. माईक नसला तरी चालेल, माईकवर या विषयाचं भाषण होतं, बोलणं होत नाही. बायकांची बैठक वेगळी ठेवा. १० सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनी, सगळेच बोलावतात. पेरणी उलटली तेव्हा किंवा कापूस घरात येऊन भाव पडला तेव्हा बोलावलंत तर जास्त उपयोग. आणि कार्यक्रम संपल्या संपल्या आम्हाला जेवायला बसवू नका. अर्धा तास तिथेच, चपलांजवळ, उभं राहू द्या.